देवणीकडचा हौद आणि आमचा शनिवार

ठाण्यातल्या आमच्या सिनेगॉगच्या नोटीस बोर्डावर ‘सेवा सहल : लातूर जिल्हा’ असा कागद लागला, तेव्हाच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. सेवा करायची तर सहल कशाला, आणि सहलीलाच जायचं तर सरळ महाबळेश्वरला जा की! पण आमच्या सेवा समितीचे अध्यक्ष डॅनियलकाका यांना असले जोडशब्द फार आवडतात. मागे एकदा त्यांनी ‘आरोग्य मेजवानी’ भरवली होती. तिच्यात रक्तदाब तपासून झाला की बटाटेवडे मिळत होते.

मी जाणार नव्हते. पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, आणि होळी झाल्यावर मराठवाड्यात विटा उचलायला जायची मला हौस नाही. मला पाठवलं ते फ्लोरामावशींनी. मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. तरुणपणी त्यांनी नर्स म्हणून देवणी भागात नोकरी केली होती, आता चाकांच्या खुर्चीत असतात. तिकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई अजून लांबच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणते, हे त्यांना जुन्या ओळखीतून कळलं. शाळेच्या दारापर्यंत नळ आलाय, पण पाणी सुटतं भल्या पहाटे, आणि साठवायला काही नाही. मावशींनी आपली शिल्लक हौद बांधायला देऊन टाकली. बांधकामाला गावातला गवंडी, हाताखाली सिनेगॉगचे स्वयंसेवक, असं ठरलं.

“नोरीन, तू जा,” मावशी मला म्हणाल्या. “डॅनियल नुसते फोटो आणेल. त्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला का, तेवढं तू बघून ये.”

त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

ज्यांना आमची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनावं गावांवरून, नारळाशिवाय पान हलत नाही. आमचे पूर्वज अलिबाग-पेणकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

ठाण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी लातूरला उतरता येतं. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण या दिवसांत पहाटेपर्यंत खिडकीतून धूळ येते. एसीचं मिळालं तर घ्या. लातूरहून आम्ही उदगीरपर्यंत जीप केली. रस्ता चांगला आहे, मधेमधे रुंदीकरणाचे खड्डे सोडले तर. दोन्ही बाजूंना कापून झालेली ज्वारी, काळी भेगाळलेली माती, आणि एखाद्या बांधावर उगाच एक लिंबाचं झाड. उदगीरला स्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला खाल्ली. मुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आमच्यातल्या दोघांनी ती परत मागवली, डॅनियलकाकांनी तिसऱ्यांदा. शाकाहारी असल्यामुळे आमचे खाण्याचे नियमही पाळले गेले. मांस आम्ही आमच्या पद्धतीनं कापलेलंच खातो, त्यामुळे अशा प्रवासात भाकरी, ठेचा आणि येसर म्हणतात त्या भाजक्या मसाला-पिठाची आमटी यांच्यावर सुखानं राहता येतं. ते कुणाला त्यागबिग वाटत असेल तर त्यानं तिकडचा ठेचा खाल्लेला नाही.

राहायची सोय उदगीरच्या एका लॉजवर होती. तिथून देवणीचा रस्ता धरायचा, आणि देवणीच्या अलीकडे एका फाट्यावर आत वळायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांनी आमचं काही वाईट केलं नाही, उगाच कुणी तिथे जाऊन त्यांची गंमत बघायला नको. देवणीचे बैल मात्र नक्की बघा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान आणि चालण्यात असा रुबाब की जीपवाल्यानं हॉर्न न वाजवता गाडी कडेला घेतली.

शाळेत पोचलो तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या सुलोचनाबाई समोरूनच येत होत्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेला आणखी एक घागर. साधारण माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पाणी उतरवलं, पदरानं तोंड पुसलं आणि पहिलं काम काय केलं, तर आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. डॅनियलकाका घटाघटा प्यायले. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. हे पाणी ती बाई कसं घेऊन आली ते मी नुकतंच बघितलं होतं.

“अक्का, प्या की,” त्या म्हणाल्या. तिकडे कर्नाटक जवळ, त्यामुळे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. “आता हौद झाला की मला काय काम ऱ्हाईल? बसून खिचडी शिजवीन. मान बी आखडून गेलीय बगा.”

त्यांनी मान वळवून दाखवली. डावीकडे वळली, उजवीकडे अर्ध्यात अडली.

हौदाच्या भिंती आम्ही यायच्या आधीच उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडे उरलं होतं वाळू चाळणं, माल कालवून देणं, घमेली पोचवणं. गिलावा करणार होते बाबूमिस्त्री. त्यांनी पहिल्या दिवशी आमच्याकडे पाहून जो सुस्कारा सोडला, तो मला अजून ऐकू येतो. शहरी लोकांनी घमेलं कसं धरावं हे आधी त्यांना शिकवावं लागलं, आणि मग फोटोसाठी ते पुन्हा पुन्हा कसं धरावं हे डॅनियलकाकांनी शिकवलं. एक घमेलं तर तीन वेळा त्याच जागी रिकामं होऊन तीन वेळा भरलं गेलं, कारण उन्हाची तिरीप चुकीच्या बाजूनं येत होती.

तरी सांगते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बऱ्यापैकी कामाला लागलो. हाताला फोड आले, पाठ धरली, आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. ज्यांना असं काही करायचंय त्यांना मी अजूनही म्हणेन, करा. फक्त मार्चमध्ये करू नका, आणि जाताना सुती टोपी आणि लिंबू-मीठ बरोबर ठेवा.

गावाला आमचं कोडं पडलं होतं. भिंतीच्या पलीकडून दोन म्हाताऱ्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

“कोन हायेत म्हने हे?”

“येहुदी.”

“म्हंजी मुसलमान का?”

“न्हाई न्हाई. शनवार पाळतेत. लई कडक.”

“हां, मंग शनीचे भक्त असतील. आसं सांग की.”

मला हसू आलं. संध्याकाळी लॉजवर मी ते रंगवून सांगितलं, सगळे पोट धरून हसले. ‘शनीचे भक्त’ हे पुढे दोन दिवस आमच्यात चालू राहिलं, चहा सांडला तरी शनीचा कोप. त्या म्हाताऱ्यांना जाऊन खरं काय ते सांगावं, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

शुक्रवारी दुपारी आतला गिलावा पूर्ण झाला. बाबूमिस्त्रींना भालकीला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. त्यांनी हात धुतले, डॅनियलकाकांना हौदाजवळ नेलं आणि नीट समजावलं. “उद्या दिवसभर पानी मारत ऱ्हावा. ऊन लई हाय. ओलं गोनपाट टाका. आठ दिस ह्यात काय भरू नका.” काकांनी मान हलवली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लग्नासाठी आहेर म्हणून त्यांच्या खिशात एक पाकीट सारलं. हे सगळं मला नंतर खुद्द मिस्त्रींकडून कळलं. मी तेव्हा वर्गात पोरांना गाणी शिकवत होते.

मग निघायच्या आधी काकांनी शाळेच्या ओट्यावर भाषण केलं. गाव जमलं होतं. काका बोलायला लागले की चांगलं बोलतात, हे मान्य करायलाच हवं. “देवानं सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी हात थांबवला,” ते म्हणाले. “उद्या आमचा तो पवित्र दिवस. उद्या या हौदाच्या कामाला कुणाचाही हात लागणार नाही. परवा, रविवारी, आपण उद्घाटन करू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं हात जोडून उभी होती. मुख्याध्यापक गुरुजींनी आभार मानले आणि सूर्य कलायला लागला म्हणून आम्ही घाईघाईनं जीपमध्ये बसलो. सुलोचनाबाईंनी खिडकीपाशी येऊन माझा फोन नंबर मागून घेतला, लागला तर असावा म्हणून.

लॉजच्या खोलीत शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या. काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत घरून आणलं होतं, त्यावर आशीर्वाद म्हटला, भाकरी मोडून मिठात बुडवून सगळ्यांना दिली. फोन बंद करून पिशवीत टाकले. आमच्यात ते दिवसभर बंदच असतात. खरं सांगायचं तर आठवड्यातला तो एवढाच दिवस मला माणसासारखा वाटतो, नाहीतर कुणी ना कुणी टुणटुण वाजवतच असतं.

शनिवारी आम्ही सकाळी उन्हाआधी पायी पायी उदगीरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. लॉजपासून फार लांब नव्हता. किल्ला बघण्यासारखा आहे, खंदक आणि दुहेरी तटबंदी, पण सावली शोधत फिरावं लागतं, तेव्हा सकाळीच जा. परत आल्यावर जेवलो, झोपलो, प्रार्थना म्हटली, पुन्हा झोपलो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखा गरम हवा फेकत होता. त्या उन्हात तिकडे ओला गिलावा उघडा पडला होता, आणि इकडे मी गादीवर पडून विश्रांतीचे फायदे मोजत होते.

चांदण्या दिसल्यावर फोन चालू केला. सुलोचनाबाईंचे मिस्ड कॉल. सकाळचे, दुपारचे, पुन्हा दुपारचे. मी लगेच फोन लावला.

“अक्का,” त्यांचा आवाज घाबरलेला होता, “हौदाला भेगा पडायल्यात. सकाळी बारीक होत्या, आता लई वाढल्या. पानी मारू का, एवढंच इचारायला फोन करायले हुते. तुमचा काही लागंना.”

“अहो, मग मारायचं होतं ना पाणी!”

त्या म्हणाल्या, “कसं मारू? शनवार ना तुमचा. साहेबांनी सांगितलं, कुनाचा हात लागनार न्हाई. मी दोन हंडे भरून आनले हुते, तिथंच ठिवले. गुरुजी बी म्हनले, नगं बाई, देवाचं काम हाय, उलटं झालं तर आपन काय करनार.”

दोन हंडे. डोक्यावरून आणून हौदाशेजारी ठेवले आणि विचारायला फोन करत राहिल्या. ते पाणी तिथे भरलेलंच राहिलं आणि गिलावा फुटत गेला. एवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल, आणि तो काढायला त्या बाईइतकं चुकीचं माणूस दुसरं नव्हतं. मी तिला पाणी मारायला सांगितलं. तिनं लगेच मारलं, म्हणजे कळल्यावर धावलीच ती. पण दिवस उलटून गेला होता.

डॅनियलकाका खाली चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मिस्त्रींनी तुम्हाला पाणी मारायला सांगितलं होतं?”

“हो, म्हणजे... सांगितलं होतं. मला वाटलं, गावातले मारतील.”

“तुम्ही गावाला सांगितलंत, हात लावायचा नाही म्हणून!”

“मी आपल्या लोकांबद्दल बोललो, नोरीन. शब्बाथ त्यांना कुठे लागू होतो?”

“हे त्यांना सांगितलंत का?”

काकांनी कप खाली ठेवला. “हे बघ, त्यांनी आपल्या धर्माचा मान राखला. मला तर ही गोष्ट फार सुंदर वाटते.”

मी तिथून निघाले, नाहीतर चहा त्यांच्या अंगावर गेला असता. आमचे पूर्वज शनिवारी आपला घाणा बंद ठेवायचे. शेजाऱ्यानं त्याचा बैल सोडावा असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. परक्या गावात शेकडो वर्षं टिकून राहिलेली ती माणसं. आपला नियम कुठे संपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आम्ही जीपमधून उतरलेले त्यांचे वारस, टाळ्यांसाठी आख्ख्या गावाला शब्बाथ लावून आलो.

रविवारी सकाळी हौदाच्या आत उतरून मी हात फिरवला. चारी भिंतींना भेगा होत्या, कुठे केसाएवढ्या, कुठे नख जाईल एवढ्या. बाबूमिस्त्रींना फोन लावला. लग्नातल्या बँडच्या आवाजात ते ओरडले, “सगळा गिलावा फोडून नवा करावा लागंल! मी मंगळवारी येतो!” मी काकांना म्हटलं, उद्घाटन पुढे ढकला. आपण दोघं-तिघं थांबू, मिस्त्री येतील, पुन्हा करू. काकांनी परतीची तिकिटं दाखवली. वरून चुना मारला की झालं, ते म्हणाले, पुढचं गुरुजी बघतील. आमच्या बरोबरच्यांनी पायाकडे बघितलं. सगळ्यांना सोमवारी ऑफिस होतं.

मग चुना मारला गेला. फरशी बसवली गेली, वर सहा टोकांचा तारा, खाली फ्लोरामावशींचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत समितीचं. फोटोत पाणी दिसायला हवं म्हणून टँकर बोलावून हौद भरला, तोही आठ दिवस भरू नका असं सांगितलेला. आम्ही मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा आणि फळं. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे असले की आमच्यात तो करतात. पोरांनी ओंजळी पुढे करून करून खाल्ला. “दर्ग्यात बी आसाच आस्तो,” एक बाई कौतुकानं म्हणाली. मी एरवी मलिद्यासाठी भांडण करते, त्या दिवशी माझा वाटा एका पोराच्या ओंजळीत टाकला.

सुलोचनाबाईंना काकांनी तोटी उघडायला लावली. पाणी आलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मी हौदाच्या मागे गेले. पायाशी जमीन ओली व्हायला लागली होती. सुलोचनाबाई माझ्यामागून आल्या, त्यांनीही ते बघितलं.

“अक्का, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “आमचीच चूक झाली आसंल काही.”

मी त्यांना सांगितलं की चूक आमची आहे, त्यांची काडीची नाही, आणि शनिवार फक्त आमच्यापुरता असतो. त्यांनी मान डोलावली. पण शब्द कानावर गेले तरी आत पोचले नाहीत, हे मला दिसत होतं. शुक्रवारी साहेब ओट्यावरून बोलले होते. मी हौदाच्या मागे उभी राहून कुजबुजत होते.

बाकी मंडळी लातूरला जाऊन गाडी पकडणार होती. त्या डब्यात भजनं आणि भेळ यांत बसायची माझी तयारी नव्हती. मी उदगीरहून नांदेडची एसटी पकडली. आरक्षण लागत नाही, साठीच्या आतल्या बायकांनाही अर्धं तिकीट आहे, फक्त खिडकीची पत्र्याची कड तापते तिला कोपर लावू नका. बस प्रत्येक फाट्यावर थांबते. माझ्या शेजारी हरभऱ्याचं गाठोडं घेतलेली एक बाई बसली होती. तिनं माझ्या हातावरचे फोड बघून कुठे कामाला होते ते विचारलं. हौदाच्या, मी म्हटलं. “झाला का?” तिनं विचारलं. नाही, म्हणाले मी, आणि त्या दिवसातलं पहिलं खरं उत्तर दिल्यासारखं वाटलं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात खोली स्वस्तात मिळाली. डोकं झाकायला रुमाल ठेवा, नसेल तर दारात मिळतो. लंगरमध्ये डाळ-रोटी खाल्ली आणि मग भांडी घासायच्या जागी जाऊन उभी राहिले. एका सरदारजींनी माझ्याकडे न बघता राखेची परात पुढे सरकवली. मी थाळ्या घासत राहिले. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, फोटो काढला नाही. नावांच्या फरशा तिथेही आहेत, पायरीपायरीवर आहेत, त्यामुळे उगाच त्यांना डोक्यावर घेणार नाही. पण त्या तासाभरात घासलेली थाळी घासलेलीच होती, आणि पुढच्या माणसानं तिच्यात जेवून घेतलं. मला तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. परभणी, जालना, मनमाड करत दिवस डब्यातच गेला.

घरी आले तेव्हा आमच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला होता. पुढच्या रविवारी सिनेगॉगच्या हॉलमध्ये ते पडद्यावर दाखवले. काकांनी गावानं पाळलेल्या शब्बाथची गोष्ट सांगितली, भरल्या गळ्यानं. लोकांनी डोळे टिपले. पुढच्या रांगेत फ्लोरामावशी बसल्या होत्या, त्यांनी वळून मला विचारलं, “उतरला ना गं हंडा?”

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. सगळं सांगितलं. हॉलमध्ये खुर्च्या सरकवण्याचा आवाज आला, कारण चहा तयार होता. काका मला बाजूला घेऊन म्हणाले की म्हाताऱ्या माणसाला दुखवायची काही गरज नव्हती. मावशी मात्र दुखावल्या नाहीत, चिडल्या. “मग फोडा आणि परत करा,” त्या म्हणाल्या. “माझं अजून थोडं शिल्लक आहे. त्या मिस्त्रीला बोलव.” समितीनं महिनाभर लावून नकार दिला, अहवाल छापून झाला होता. आम्ही दोघींनीच गुरुजींना फोन लावला. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागत होती, गुरुजी म्हणाले जूनमध्ये बघू.

जूनमध्ये मी पुन्हा फोन केला. गुरुजी बराच वेळ हो-हो करत राहिले.

“म्याडम, खरं सांगू का? आता फोडू कोन देत न्हाई,” ते म्हणाले. “सुट्टीत एकानं शनवारी हौदाची तोटी उघडली. त्याच आठवड्यात त्याचा बैल मेला. देवणीचा बैल, लई नामी. तवापासून लोक भ्यायले. शनवारी कुनी हौदाला शिवत न्हाई. अन् आता हातोडा लावायचं नाव काढलं तर मलाच गावातनं काढतील.”

“पण गुरुजी, पाणी राहतं का त्यात?”

“पहाटी भरतंय, शाळा भरूस्तोवर निम्म्याच्या खाली जातंय. खिचडीच्या टायमाला तळ दिसतो. पन जागा लई छान झालीय. थांबा, फोटो टाकतो.”

फोटो आला. मी तो तळमजल्यावर मावशींकडे घेऊन गेले. हौदाला नवा चुना दिला होता. आमच्या फरशीवर तेल ओतून ओतून ती काळी झाली होती; तारा कसाबसा दिसत होता, मावशींचं नाव वाचता येत नव्हतं. वर रुईच्या पानांची माळ होती. खाली दिवा आणि तेलाची वाटी होती. शनवार तेल्यांच्या हौदाला शनिवारी तेल घालत होते. माझ्या देवाला हे पाहून काय वाटत असेल याचा विचार मी करून बघितला आणि सोडून दिला.

मावशींनी भिंग मागितलं. बराच वेळ त्या फोटोवर वाकून बसल्या. मला वाटलं, फरशीवरचं नाव शोधतायत. पण त्यांचं भिंग फरशीवर नव्हतंच, वर कोपऱ्यात, शाळेच्या फाटकापाशी थांबलं होतं.

“नोरीन,” त्या म्हणाल्या, “ही मागे डोक्यावर हंडा घेऊन कोण येतेय?”

मी नाव सांगितलं.